पुलावरून मोजलेली वस्ती

नगरपालिकेच्या नगररचना विभागाचं दार सकाळी बरोबर साडेदहाला उघडत असे. काम केव्हा सुरू होई हे सांगणं अवघड, पण दाराच्या बाबतीत त्या विभागाला कोणी नावं ठेवू शकलं नसतं.

त्या दिवशीही दार वेळेवर उघडलं आणि खिडकीजवळच्या उतरत्या टेबलापाशी ठिपकी येऊन बसली. ऑफिसात तिला सगळे 'बाई' म्हणत. ठिपकी हे आईने ठेवलेलं नाव, कारण लहानपणी कोळसा हाती लागला की ती सापडेल त्या भिंतीवर ठिपके काढत सुटायची. मोठेपणी पालिकेने त्याच कामाचा पगार द्यायला सुरुवात केली. साहेबांनी पेन्सिलीने जे ठरवलं असेल ते तिने शाईने आणि रंगाने पक्कं करायचं. घरांना पिवळा, दुकानांना निळा, शाळा-दवाखान्यांना लाल, बागांना हिरवा. पुढच्या वीस वर्षांत गावात कुठे काय व्हायचं ते या रंगांवर ठरे. एखाद्याच्या परसात हिरवा रंग पडला की त्याच्या नातवाच्या काळात तिथे बाग होणार. मग नातू काही का म्हणेना.

"बाई, पत्रक सात काढा," साहेब म्हणाले. साहेब सभ्य माणूस. रबराचा चुरासुद्धा ते फुंकर मारून उडवत नसत, कागदाला वाईट वाटेल म्हणून हाताने हळूच गोळा करत.

तिने पत्रक सात, म्हणजे नकाशाचा नदीकाठचा भाग, पसरलं. दरवर्षी नदी फुगली की पाणी बाजारपेठेत शिरायचं आणि कापडदुकानदार गुडघाभर पाण्यात उभे राहून पालिकेचा उद्धार करायचे. त्यावर या आराखड्यात तोड निघाली होती. नदीकाठी एक मोठा साठवण तलाव करायचा. नदी वाढली की काठावरचं लोखंडी दार उघडायचं, जादा पाणी तलावात घ्यायचं, बाजार कोरडा.

"फक्त जागा सखल हवी आणि रिकामी हवी," साहेब म्हणाले, "आणि देवाची करणी बघा, दोन्ही एकत्र सापडलं." त्यांनी पुलाखालच्या, लांब भिंतीपलीकडच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं : मोकळी. वापर नाही. "हे सगळं आभाळी करा. पाण्याचा रंग."

ठिपकीने ब्रश आभाळी रंगात बुडवला आणि तो हवेतच राहिला.

जिथे 'मोकळी' लिहिलं होतं तिथे तिची आई राहत होती.

"सर," ती म्हणाली, "तिथे खाली काही घरं असावीत."

"असावीत? नकाशात आहेत?"

"नाहीत."

"मग?" साहेब मनापासून गोंधळले. "तुम्ही पाहिलीत का?"

प्रश्न साधा होता. ठिपकीने पंधरा वर्षं त्या घरांपैकी एकात काढली होती. त्याच्या पत्र्याला किती भोकं आहेत हेही तिला पाठ होतं.

"नाही," ती म्हणाली. "ऐकलं."

"ऐकलेल्या घरांना रंग नसतो, बाई. आणि समजा असलीच, तर तीस दिवसांच्या हरकती मागवल्याच आहेत की आपण. येतील, सांगतील. कायदा आहे." त्यांनी रबराचा चुरा तळहातावर घेतला आणि ते निघून गेले.

ब्रशच्या टोकावरून एक थेंब निसटला आणि नेमका तिथे पडला. आता पुसण्यात अर्थ नव्हता. तिने बाकीचंही रंगवलं. हात अजिबात थरथरला नाही, याची तिला नंतर फार लाज वाटली.

*

ही जागा मोकळी कशी झाली, हे सांगायला हवं.

पुलाखाली गावाचा कचरा निवडणारी माणसं राहत. चार पिढ्या गावाने टाकायचं आणि त्यांनी निवडायचं, असा परस्परांचा छान संबंध होता. फक्त वरच्या माणसाने खाली उतरायचं नाही. पूर्वी उतरलेल्याच्या हातचं पाणी घरचे पीत नसत. आता तसं कोणी मानत नव्हतं. फक्त कोणी उतरत नव्हतं. 'वास असतो हो,' एवढंच म्हणत. वास दिसू नये म्हणून पालिकेने मध्ये भिंत बांधली होती.

त्यामुळे गावाची मोजणी करताना मोजणीदार पुलाच्या मध्यापर्यंत येत, कठड्यावर कोपर टेकून खाली बघत, आणि भिंत व झुडपं दिसली की लिहीत : मोकळी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोपरांनी तिथला कठडा गुळगुळीत झाला होता. शेवटची मोजणी सव्वीस वर्षांपूर्वीची. नव्या आराखड्यासाठी नवी मोजणी करायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या मोजणीवर नवी तारीख घातली होती.

आणि ती शेवटची मोजणी करणारा माणूस म्हणजे ठिपकीचे सासरे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मोजणीदार हातात मऊ फडकं घेऊन भिंतीवरच्या वस्तू पुसत होते. रोजचा क्रम ठरलेला. आधी त्यांचा काचेत बसवलेला गावाचा नकाशा. मग त्याखाली खिळ्याला टांगलेली मोजणीची लोखंडी साखळी. मग बायकोचा फोटो. आणि शेवटी ठिपकीच्या आईचा.

त्या आईच्या फोटोची एक गंमत होती. लग्नाच्या वेळी नवरा म्हणाला होता, "बाबांना खालचं कळलं तर ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत. आई वारली म्हणून सांगू." तो औषधाच्या दुकानात काम करायचा, प्रत्येक दुखण्यावर झटपट काहीतरी देऊन माणूस घरी पाठवायची त्याला सवय होती. पण वारलेल्या आईचा फोटो नको? म्हणून त्याने बाजारातून एक चौकट आणली. चौकटीत नमुन्याचा फोटो होता, एका हसऱ्या बाईचा. तो काढायचा ते दोघं विसरले, आणि मोजणीदारांनी चौकट पाहताच म्हटलं, "किती शांत चेहरा गं तुझ्या आईचा." झालं. सहा वर्षं ते त्या बाईला पुसत होते. एकदा बाजारातून परत आल्यावर गहिवरून म्हणाले होते, "काय मोठी बाई असली पाहिजे. चौकटवाल्यानेसुद्धा दुकानात फोटो लावलाय."

"आज काय रंगवलंस, सूनबाई?" मोजणीदारांनी विचारलं.

"तलाव. पुलाखाली."

"माझं पत्रक सात?" म्हातारा खुलला. "अजून वापरतात? बघ, पक्कं काम." त्यांनी तिच्यासाठी झाकून ठेवलेला चहा गरम करायला ठेवला. सून थकून येते म्हणून हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही तेव्हा खाली उतरला होतात?"

"मी?" ते हसले. "अगं, मोजणीदार कशाला उतरेल? नजर उतरवायची. चांगली नजर असली की पाय झिजवावे लागत नाहीत."

चहा उतू गेला. दोघांनीही तो नीट पुसला.

*

रविवारी ठिपकी शिवणाच्या क्लासला जात असे. सहा वर्षं क्लास चालू होता आणि तिला अजून बटण लावता येत नव्हतं. पण घरात कोणी बटण लावायला सांगितलं नाही म्हणून निभावलं. नदीकडच्या झुडपांतून एक पायवाट होती. त्या वाटेने ती खाली उतरली.

आई अंगणात बाटल्यांच्या ढिगाशी बसली होती. वस्तीत तिला बाटलीवाली म्हणत. एकेक बाटली उचलायची, नखाने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि टोपलीत टाकायची. चीर गेलेली बाटली डोळ्याला कळायच्या आधी तिच्या कानाला कळे.

"ये गं ठिपके. तोंड का असं? शिवणात सुई टोचली?"

ठिपकीने तलावाचं सांगितलं. आईने ऐकता ऐकता तीन चांगल्या बाटल्या चिरलेल्यांत टाकल्या.

"आणि आम्हाला सांगायचं कोणी होतं?"

"नोटीस लावलीय. जागेवर लावायचा नियम आहे."

"कुठं? मी नाही पाहिली."

"भिंतीवर. वरच्या अंगाला."

आई खो खो हसली. "वा! म्हणजे ज्याचं बुडायचंय त्याने आधी वर जाऊन वाचायचं. बरं, मासे सोडणार का तळ्यात? नाही, आम्ही असूच, त्यांना दाणे घालायला."

"आई, चेष्टा नको करूस."

"चेष्टा मी करते?" आईने भिंतीच्या आतल्या अंगाकडे मान वळवली. "तो पट्टा बघ."

भिंतीवर लांबलचक तांबडा पट्टा होता. पंधरा दिवसांपूर्वी पालिकेच्या माणसाने पुलावरून दोरीने रंगाचा डबा खाली सोडला होता आणि वस्तीतल्याच एका रंगाऱ्याला ओरडून सांगितलं होतं, अमुक उंचीवर सरळ रेघ मार. रंगाऱ्याने मान मोडून ती सरळ मारली होती. कशाची रेघ, हे त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून वस्तीतली पोरं त्या पट्ट्याला हात लावायला उड्या मारत होती. एकाचाही हात अजून पोचला नव्हता.

ठिपकीला ती रेघ कशाची ते माहीत होतं. तिनेच शाईने पक्क्या केलेल्या तलावाच्या छेदचित्रात ती होती : पाण्याची कमाल पातळी. आईच्या निळ्या दाराच्या चौकटीपेक्षा ती दोन हात वर होती. आणि नदीच्या बाजूला, झुडपांपलीकडे, नवं लोखंडी दार येऊन बसलेलंही होतं. तलाव अजून मंजूर व्हायचा होता, पण दार पाणी खात्याचं, त्यांचा कारभार वेगळा.

"सुनावणी कधी आहे?" आईने विचारलं.

"मंगळवारी. पण तू नको येऊस." हे बोलताना ठिपकी आईकडे न बघता बाटल्यांकडे बघत होती. "मी काहीतरी करते. आतून."

"काय करतेस?"

ठिपकी पायाशी घरंगळलेली एक बाटली उचलून ढिगावर ठेवू लागली.

आईने एक बाटली उचलली, टिचकी मारली, ऐकलं. "घाबरू नकोस. तुझं नाव नाही घ्यायची. मी मेलेली बाई. मेलेली बाई कोणाची ओळख कशी सांगेल?"

तिने हे इतक्या सहज म्हटलं की ठिपकीला रडणंही जमलं नाही. आई आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत बाटल्यांची झाकणं होती. "नदीवर दार बसलेलं बघून परवा सगळ्या घरांतून एकेक आणवलं. म्हटलं, आपण किती आहोत ते तरी बघू. दोनशे बारा."

*

मंगळवारी सभागृहात एकेचाळीस हरकती होत्या, सगळ्या वरच्या गावातून. एकाचं म्हणणं तलावामुळे डास होतील. दुसऱ्याला तलावाला आजोबांचं नाव हवं होतं. तिसऱ्याने तलावात होड्या ठेवण्याची मागणी केली होती आणि चौथ्याची हरकत तिसऱ्याच्या होड्यांना होती. साहेबांनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकलं. टेबलाच्या एका बाजूला ठिपकी कार्यवृत्त लिहीत होती, दुसऱ्या बाजूला आवक लिपिक शिक्का मारत होता, आणि मधल्या खुर्चीवर तज्ज्ञ म्हणून बोलावलेले मोजणीदार कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते. पत्रक सात मोठ्या टेबलावर पसरलेलं होतं, आभाळी, स्वच्छ.

शेवटी पिशवी घेऊन बाटलीवाली उभी राहिली. तिने ठिपकीकडे एकदाही पाहिलं नाही.

"पत्ता?" लिपिकाने विचारलं.

"पुलाखाली. निळं दार."

"घर क्रमांक?"

"तुम्ही दिला नाहीत."

"मग हरकत घेता येत नाही. पत्ता नसलेली हरकत कुठे ठेवायची?"

"मी तिथं राहते, भाऊ."

"राहता याचा पुरावा?"

बाटलीवालीने स्वतःकडे खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं. "मी."

"तुम्ही इथे आहात," लिपिक समजावणीच्या सुरात म्हणाला. "इथे असणं हा तिथे राहण्याचा पुरावा कसा होईल?"

सभागृहात कोणीतरी हसलं. साहेबांनी हात वर करून शांतता केली आणि मोजणीदारांकडे वळले. "आपण सांगा. ही मोजणी आपली."

मोजणीदार उभे राहिले. "तिथे वस्ती नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मीही तुम्हाला पाहिलंय," बाटलीवाली म्हणाली.

मोजणीदारांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सव्वीस वर्षं झाली. दुपारची वेळ. भिंतीला तेव्हा खिंडार होतं, त्यातून पुलाचा मधला भाग दिसायचा. तुम्ही कठड्याला टेकून उभे होतात. नाकाला पांढरा रुमाल. डाव्या पायाची वहाण तुटलेली, म्हणून सगळा भार उजव्यावर. मला वाटलं, साहेब खाली उतरतायत, म्हणून मी माठ भरून दारात ठेवला. कडेवर माझी पोर होती, ती तुम्हाला हात करत होती. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत आणि गेलात. तुम्ही मला मोजलं नाहीत, साहेब. मी तुम्हाला नीट मोजलं."

 मोजणीदारांचा उजवा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

बाटलीवाली पुढे झाली आणि तिने पिशवी पत्रक सातवर उलटी केली. आभाळी रंगावर दोनशे बारा झाकणं खणखणत पसरली. काही घरंगळत बाजारपेठेत गेली. तिने ती एकेक करून परत आणली.

"हे काय?" साहेब दचकले. "मूळ पत्रक आहे ते!"

"घरं आहेत. मोकळ्या जागेत."

साहेबांनी घाम पुसला. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीसाठी छापील नमुना लागायचा. त्यांनी नमुना शोधला आणि सापडला याचा त्यांना आनंद झाला. "नियम नऊ. पत्ता नसलेली हरकत कार्यालयातल्या कोणी दुजोरा दिला तर विचारात घेता येते. बाई, लिहा. 'कार्यालयातील कोणी सदर वस्ती प्रत्यक्ष पाहिली आहे काय?' उत्तर..." त्यांनी सवयीने सभागृहावर नजर फिरवली. या रकान्यात आजवर एकच शब्द लिहिला गेला होता. "नाही."

ठिपकीने प्रश्न लिहिला. पेन उत्तराच्या रकान्यावर टेकलं. समोर आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, जणू तिला खरोखर वेळ जाणून घ्यायची होती. दिलेला शब्द ती अजून पाळत होती. ठिपकीला वाटलं, पुलावर कोपर टेकून उभं राहायला पूल लागतोच असं नाही. ते कोणत्याही टेबलावर जमतं.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"पाहिलीय. पंधरा वर्षं मी तिथे राहिले." तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "ही माझी आई आहे. कडेवर मीच होते."

लिपिकाने शिक्का उलटा मारला.

"सूनबाई," मोजणीदार हळूच म्हणाले, जणू ती हिशेबात चुकली आहे, "तुझी आई भिंतीवर आहे."

"ती चौकटीबरोबर आलेली बाई आहे, बाबा."

*

साहेबांनी हरकत नोंदवली. शिक्काही बसला. पण शिक्क्यापुढे एक अडचण होती, आणि ती लिपिकाने, तारखांवर त्याचं प्रेम असल्यामुळे, बोलून दाखवली. "शुक्रवारी सकाळी दाराची चाचणी आहे. नदी वाढलीय. पाणी खातं अर्धा तास पाणी आत घेणार आहे."

"मग थांबवा त्यांना!" ठिपकी म्हणाली.

"जागा मोकळी असल्याचं आपलं पत्र गेलंय त्यांना," साहेब म्हणाले. "गेलेलं पत्र परत घ्यायचा नमुना नाही. मोजणीत दुरुस्ती झाली तर आपोआप थांबेल. आणि दुरुस्ती..." त्यांनी नियम दोनदा वाचला. "ज्याची मोजणी, त्यानेच करायची. जागेवर जाऊन."

सगळ्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मोजणीदार निघून गेले होते.

संध्याकाळी ठिपकी घरी आली तेव्हा नवरा दारातच उभा होता. "थोडं थांबायचं होतंस," तो म्हणाला. "मी काहीतरी सुचवलं असतं."

"सहा वर्षांपूर्वी सुचवलंस तेवढं पुरे," ती म्हणाली आणि आत गेली.

मोजणीदार फडकं घेऊन फोटोसमोर उभे होते. नकाशा पुसून झाला होता, साखळी पुसून झाली होती, बायकोचा फोटो पुसून झाला होता. पुढे काय करायचं हे त्यांच्या हाताला कळत नव्हतं.

"मग ही कोण?"

"माहीत नाही, बाबा."

"सहा वर्षं मी हिच्याशी बोलतोय. तुझ्या तक्रारीसुद्धा केल्यात हिच्याजवळ." ते वळले. डोळे लाल होते. "माझ्या घरात खोटं आणून टांगलंस तू."

ठिपकी बॅग भरायला निघाली होती. ती थांबली. "आणलं, बाबा. चुकलंच माझं. पण भिंत मोकळी नव्हती. शेजारी तुमचं आधीच टांगलेलं होतं."

म्हाताऱ्याने नकाशाकडे पाहिलं नाही. 

"रुमाल निळा होता," ते अचानक म्हणाले. "तुझी आई पांढरा म्हणाली. मी मुद्दाम आठवून पाहिलं. निळा."

ती बॅग उचलून उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, खूप बारीक.

"नाही. पांढराच. वहाणही डावीच होती."

*

शुक्रवारी सकाळी पुलावर गर्दी झाली. नवं दार कसं उघडतं हे बघायला कापडदुकानदार आले होते, शाळा एक तास उशिरा भरणार होती. लोखंडी दाराच्या चाकावर पाणी खात्याचा माणूस हात ठेवून बसला होता. दारापलीकडे नदी गढूळ, चढलेली, लाकडाचे ओंडके दारावर आपटत होते, आणि तो आवाज खालच्या वस्तीत घराघरांत ऐकू येत होता, जणू कोणी सावकाश दार वाजवतंय.

वस्तीतलं कोणी गेलं नव्हतं. "जायचं कुठं?" रंगारी म्हणाला होता. "वर?" त्यावर सगळे हसले होते आणि मग कोणीच हसलं नव्हतं. दोनशे बारा दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणसं उभी होती. बाटलीवालीने सवयीने बाटल्यांना टिचक्या मारायला घेतल्या, पण ओंडक्यांच्या आवाजात तिला काही ऐकू येईना, तेव्हा ती ठिपकीचा हात धरून निळ्या दारात उभी राहिली. मागे भिंतीवर तांबडा पट्टा.

पुलाच्या मध्यावर, गुळगुळीत कठड्यापाशी, मोजणीदार आले. अंगात तोच इस्त्रीचा सदरा, खांद्यावर साखळी. लोकांनी आदराने वाट दिली.

"आजोबा," पाणी खात्याच्या माणसाने दारावरून ओरडून विचारलं, "खाली कोणी नाही ना? नियमाने विचारावं लागतं!"

म्हाताऱ्याचं कोपर कठड्यावर टेकलं. झिजलेल्या खळगीत ते बरोबर बसलं. त्यांनी खाली पाहिलं. भिंत दिसली. झुडपं दिसली. सव्वीस वर्षांपूर्वीसारखंच सगळं. इथून खरोखर काहीच दिसत नव्हतं, आणि हेच त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

त्यांनी कोपर उचललं, आणि पुलाच्या टोकाला गवतात बुडालेल्या पायऱ्या होत्या तिकडे ते चालू लागले.

"अहो, इकडे कुठे?" साहेब मागून धावले. "परत या! तिथे कोणी राहत नाही!"

मोजणीदार पायऱ्या मोजत उतरले. जन्माची खोड. एकतीस होत्या. गावातल्या कुठल्याच नकाशात त्या पायऱ्या नव्हत्या. भिंतीच्या कडेला वळसा घालून ते आत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती, चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दोन्ही हात साखळीत गुंतलेले असल्यामुळे नाकाला रुमाल लावता येत नव्हता. निळ्या दारासमोर ते थांबले. बाटलीवालीकडे त्यांना बघवेना. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग त्याच्या वरच्या तांबड्या पट्ट्याकडे, आणि व्यवसायाच्या सवयीने मधलं अंतर मनात धरलं. दोन हात. 

"उशीर केलात, साहेब," बाटलीवाली म्हणाली. "माठातलं पाणी सव्वीस वर्षांचं झालं."

"दुसरं टोक धरायला माणूस लागतो," मोजणीदार कसेबसे म्हणाले.

तिने हात पुढे केला. ठिपकीने दप्तरातून नवा कागद काढला, ब्रश नाही, पेन. शाईचं, पुसता न येणारं. पुलाच्या मध्यावर तिचा नवरा उभा होता. तो ना खाली येत होता ना परत जात होता. पाणी खात्याच्या माणसाने चाकावरचा हात काढला नव्हता. मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबायचं की नाही, हे तो वर ओरडून विचारत होता आणि वर कोणाकडे त्याचा नमुना नव्हता.

"घर पहिलं," मोजणीदार म्हणाले. "लिही. दार निळं."

दोनशे अकरा उरली होती. साखळी ताणली गेली, तिचं एक टोक म्हाताऱ्याच्या हातात, दुसरं आईच्या. आणि लोखंडी दाराला पाठ लावून नदी आपला नंबर यायची वाट बघत होती.